तापानंतरचा थकवा : कोणती वनस्पती, किती, कशी आणि कुठे थांबायचं

डेंग्यू, चिकुनगुनिया, फ्लू किंवा कोविडचा ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी जिना चढला की पाय भरून येतात, दुपारी डोळे मिटतात आणि तोंडाला चव नसते. घरात अशा वेळी हमखास दोन गोष्टी होतात. ‘किती दिवस असं पडून राहणार’ म्हणत माणसाला कामाला लावलं जातं आणि गुळवेल, अश्वगंधा, शतावरी, च्यवनप्राश असं सगळं एकदम सुरू होतं. पंधरा दिवसांनी पोट बिघडतं, पण नेमकं कशानं ते कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे : आधी भूक, मग झोप, मग ताकद. एका वेळी औषधी म्हणून एकच वनस्पती, तीही मोजून आणि ठरावीक दिवसच. ताप उतरून आठवडा झाला आहे आणि आता फक्त थकवा उरला आहे, अशा प्रौढ माणसासाठी हे लिहिलं आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाई आणि बारा वर्षांखालची मुलं यांनी यातला फक्त खाण्याचा भाग घ्यावा, काढे-चूर्णं नाहीत.

आधी हे तपासा

पुढचं काहीही दिसत असेल तर वनस्पती बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा : बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, नाडी उगाचच धावणं, चक्कर येऊन पडणं, डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी होणं, काळी शी, पायांवर सूज. रोज संध्याकाळी कणकण, रात्री घामानं कपडे ओले होणं आणि वजन उतरणं ही तिन्ही एकत्र असतील तर आपल्याकडे क्षयाची तपासणी आधी.

नंतर औषधांची यादी काढा. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, फिट्स, झोप, रक्त पातळ ठेवणं, संधिवात किंवा अवयव प्रत्यारोपण यांपैकी कशाचीही गोळी चालू असेल, तर गुळवेल, अश्वगंधा, पिंपळी आणि ज्येष्ठमध ही चार नावं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गुळवेल आणि अश्वगंधा साखर उतरवतात, गोळीच्या जोडीनं ती जास्तच उतरू शकते. ज्येष्ठमधानं रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. पिंपळी आणि काळी मिरी यांतल्या पायपरीनमुळे काही औषधं रक्तात जास्त शोषली जातात, त्यात फिट्सची फेनिटॉइनही येते. चहातल्या दोन मिऱ्यांनी काही होत नाही. रोज चमचाभर त्रिकटू, म्हणजे सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण, मात्र वेगळी गोष्ट आहे.

थकवा कोणत्या जातीचा आहे?

साधा अशक्तपणा विश्रांती घेतली की कमी होतो आणि आठवड्यागणिक उतरत जातो. दुसरी जात फसवी. आज बरं वाटलं म्हणून घर आवरलं, बाजार केला, संध्याकाळपर्यंत ठीक होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस आडवा झाला, अंग ठणकलं, डोकं जड झालं. हा थकवा दामटून जात नाही. दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ‘रोज थोडा व्यायाम वाढवत न्या’ असा सल्ला पूर्वी दिला जाई. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१च्या मार्गदर्शक सूचनांतून तो काढून टाकला. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेच्या अध्यायातही ताप गेलेल्या माणसानं अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान आणि हिंडणं-फिरणं टाळावं असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे त्यातलं काढ्यांचं तेवढं लक्षात राहिलं.

व्यवहारात असं करा. जेवढं काम जमेल असं वाटतं त्याच्या निम्मंच करा आणि दमण्याआधी बसा. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मिनिटभर नाडी मोजा आणि वहीत लिहा. नेहमीपेक्षा दहा-पंधरा ठोके जास्त असतील तर तो दिवस आरामाचा. त्याच वहीत भूक, झोप आणि थकवा यांना रोज दहापैकी गुण द्या, जितकं बरं तितके जास्त. वनस्पती उपयोगी पडते आहे की नाही हे ठरवायला दुसरं काही हाताशी नसतं.

पहिले आठ-दहा दिवस : फक्त भूक

जीभ पांढरी आहे, जेवण पाहून नको वाटतं, दोन घास खाल्ले की पोट फुगतं. या अवस्थेत अश्वगंधा-दूध, डिंकाचे लाडू, च्यवनप्राश हे काहीच पचत नाही. ही सर्वांत जास्त घडणारी चूक आहे, आणि ती प्रेमापोटी घडते.

कढण करा. पाव वाटी हिरवे मूग कोरडे भाजून घ्या. चार वाट्या पाणी घालून ते मऊ शिजवा, घोटा आणि गाळून घ्या. त्यात पाव चमचा जिरेपूड, चिमूटभर हिंग, चवीपुरतं सैंधव आणि पाव चमच्याहून कमी सुंठपूड घालून एक उकळी आणा. वर अर्धा चमचा तूप, आंबट हवं असेल तर एक आमसूल. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला वाटीभर घ्या. दोन-तीन दिवसांत भूक लागू लागली की न गाळता, मग मऊ भाताबरोबर. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज घरोघरी होते, तीही उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीच्या पिठाची आंबील पाजतात, फक्त पहिले काही दिवस ती फार आंबवलेली नको.

दिवसभर प्यायला धने-जिऱ्याचं पाणी : एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरे भरड कुटून चार वाट्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचे, गाळून कोमट घोट-घोट घ्यायचं. तोंड कडू असेल तर जेवणाआधी आल्याचा नखाएवढा तुकडा सैंधव लावून चघळा. आम्लपित्त असणाऱ्यांनी आलं-सुंठ सोडून नुसतं धन्याचं पाणी घ्यावं.

इथेच कोविडच्या काळातल्या काढ्याबद्दल सांगायला हवं. २०२०मध्ये आयुष मंत्रालयानं सुचवलेल्या काढ्यात तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक भाग होती. पुष्कळ घरांत तो अजूनही थकव्यावरचं औषध म्हणून दिवसातून तीनदा दिला जातो. तो तिखट आणि उष्ण आहे. सर्दी-कफात ठीक, पण आजारातून उठलेल्या कोरड्या, झोप उडालेल्या माणसाला त्यानं छातीत जळजळ आणि तोंडात फोड येतात. थकव्यासाठी तो बंद करा. पपईच्या पानांचा रसही प्लेटलेट पूर्ववत झाल्यावर पिण्यात अर्थ नाही.

गुळवेल : अंगात मुरलेली कणकण आणि मरगळ

ताप गेला पण अंग मोडून येतं, तळपाय जळतात, तोंडाला चव नाही, अशा वेळी वैद्य पहिलं नाव गुळवेलीचं घेतात. तिचं खोड वापरतात. आणि नवशिक्याची सर्वांत मोठी चूक या खोडाच्या ओळखीतच होते.

खऱ्या गुळवेलीच्या खोडावर कागदासारखी पातळ, करडी-तपकिरी साल असते. ती नखानं सोलली की आत हिरवा गर दिसतो. आडवा काप घेतला तर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. खोडापासून दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबतात. पान हृदयाच्या आकाराचं आणि गुळगुळीत, फळं गोल आणि पिकल्यावर लाल. खोडावर बारीक पांढुरके ठिपके असतात, त्यांना घाबरू नका. घाबरायचं ते मोठ्या, दाटीनं उठलेल्या चामखिळींना. असं खोड टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्याच वेलीचं असतं. तोडल्यावर त्यातून दुधाळ चीक येतो, त्याची फळं लांबट आणि नारिंगी असतात आणि ते यकृताला अपाय करतं. आयुष मंत्रालयानं फेब्रुवारी २०२२मध्ये हा फरक सांगणारी सूचना काढली होती. पानाच्या मागे मखमली लव असेल तर ती आणखी एक जवळची जात, तीही सोडा. चूर्ण झाल्यावर यातलं काहीच ओळखता येत नाही, म्हणून गुळवेल चूर्णापेक्षा तुकड्यांच्या रूपात घ्या. काष्ठौषधीच्या दुकानात सुके तुकडे मिळतात. भुंगा लागलेले, बुरशीचा वास येणारे घेऊ नका.

वेल खरी आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. २०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला आलेल्या सुजेची नोंद प्रसिद्ध केली. ती सूज शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी होती. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला, तरी घरी औषध घेणाऱ्यानं यातून खबरदारी घ्यायलाच हवी : ल्युपस, आमवात, ऑटोइम्यून थायरॉइड असा प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी गुळवेल स्वतःहून घेऊ नये. आणि ‘प्रतिकारशक्तीसाठी’ वर्षभर रोज पिणं कुणीच करू नये.

काढा असा करा. बोटाएवढं जाड ताजं खोड १० ते १५ ग्रॅम घ्या, म्हणजे साधारण बोटभर लांबीचा तुकडा. वजनकाटा असेल तर मोजाच. वरची पातळ साल काढा, धुवा, खलबत्त्यात तंतू सुटेपर्यंत ठेचा. सुके असतील तर ५ ग्रॅम, भरड कुटून रात्रभर भिजवलेले. स्टीलच्या पातेल्यात ३०० मिली पाणी घाला आणि झाकण न ठेवता मंद आचेवर ७५ मिली उरेपर्यंत आटवा. मोठ्या आचेवर पाणी दहा मिनिटांत उडतं आणि खोडातलं पाण्यात उतरतच नाही, मग काढा पिवळसर पाण्यासारखा होतो. नीट झालेला काढा कडू लागलाच पाहिजे. ॲल्युमिनियमचं भांडं टाळा.

सकाळी रिकाम्या पोटी घ्या, मळमळत असेल तर नाश्त्यानंतर तासाभरानं. मधुमेह नसेल तर खडीसाखरेचा खडा चालेल. रोज ताजा करा. काही जण आठवड्याचा काढा करून फ्रिजमध्ये ठेवतात, तो आंबतो. तळपाय-डोळ्यांची आग होणाऱ्यांना काढ्याऐवजी हिम सोसतो : तेवढंच ठेचलेलं ताजं खोड सहापट पाण्यात, म्हणजे १० ग्रॅमला ६० मिली, रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी कुस्करून गाळून प्यायचं. हिमासाठी उकळून गार केलेलं पाणी घ्या, पावसाळ्यात विशेषतः.

मर्यादा १४ दिवस. चौदाव्या दिवशी वही बघा. गुण वाढले नसतील तर गुळवेल तुमच्यासाठी नव्हती, आणखी महिनाभर रेटू नका. मध्येच भूक अचानक मेली, उजव्या बरगडीखाली जड वाटलं, अंगाला खाज सुटली किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद आणि यकृताची रक्ततपासणी.

अश्वगंधा : भूक आली, झोप आणि बळ नाही

अश्वगंधा, गावाकडचं आस्कंद, भूक परत आल्यावरच घ्यायचं. झोप आणि ताणतणावावर तिचे छोटे अभ्यास चांगले दिसतात, विषाणूजन्य आजारानंतरच्या थकव्यावर तसा भक्कम पुरावा नाही. तेव्हा अपेक्षा झोप सुधारण्याची ठेवा, बळ त्यामागून येतं.

फक्त मूळ घ्यायचं. पानं स्वस्त पडतात म्हणून काही उत्पादनांत मिसळली जातात. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयानं २०२१मध्ये उत्पादकांना कळवलं होतं. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यातून येणारी मुळं बाजारात सर्वत्र असतात. चांगलं मूळ वाकवलं की कट्कन मोडतं, आत पांढरं आणि पिठूळ असतं, वास उग्र. लाकडासारखं तंतुमय मूळ जुनं झालेलं. मुळं आणून घरी दळली तर उत्तम. मिक्सरमध्ये दोनदा फिरवून वस्त्रगाळ करा आणि महिन्यात संपेल एवढंच चूर्ण ठेवा.

३ ग्रॅम चूर्ण, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा, अर्धी वाटी दूध आणि दीड ते दोन वाट्या पाण्यात मिसळून मंद आचेवर दूध उरेपर्यंत आटवा. याला क्षीरपाक म्हणतात. नुसत्या दुधात उकळलं तर तळाला लागतं आणि चूर्ण कच्चं राहतं. गरम दुधात वरून ढवळलं तर पोटात गुडगुड होते. पहिले तीन दिवस अर्धी मात्रा, मग पूर्ण. झोपण्याआधी तासभर, जेवणानंतर दोन तासांनी. दूध सोसत नसेल तर तूप लावून कोमट पाण्याबरोबर. रोज एकदा, सहा आठवडे, मग थांबा.

हायपरथायरॉइड असेल तर नको, थायरॉक्सिन चालू असेल तर विचारून. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद. हिच्यानंही यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यात कावीळ व जबर खाज ठळक असतात. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांनी तिथले नियम पाहून घ्यावेत. डेन्मार्कनं २०२३मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली आहे, त्यामुळे तिकडे जाताना बॅगेत डबा नको.

शतावरी हा उष्णता सोसत नसलेल्यांसाठी पर्याय : ३ ग्रॅम मुळाचं चूर्ण, असाच क्षीरपाक. बाजारातला शतावरी कल्प घेताना डब्यावरचं घटकांचं कोष्टक वाचा. त्यात बहुतांश साखर असते. मोरावळा आणि च्यवनप्राशचंही तेच, मधुमेह्यांनी ते औषध समजून खाऊ नये.

ताटातल्या गोष्टी, ज्या खरं काम करतात

आजारपणात खाणं सुटलेलं असतं, म्हणून लोह आणि प्रथिनं कमी पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ताजा आवळा मिळतो. रोज एक किसून, मीठ लावून, डाळ-भाजीबरोबरच खा, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका उलट काम करतो, म्हणून मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. शेवग्याची कोवळी पानं मूठभर डाळीत घाला. काळ्या मनुका दहा-बारा रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट.

अळीव एक चमचा पाण्यात दोन तास भिजवून दुधात खीर करावी, आठवड्यातून तीनदा. न भिजवता खाल्ले तर पोटात पाणी शोषून फुगतात. गरोदरपणात अळीव टाळतात, आणि थायरॉइडवाल्यांनी रोज घेऊ नयेत. अळिवानं हिमोग्लोबिन आठचं बारा होणार नाही. तेवढं कमी असेल तर लोहाच्या गोळ्याच लागतात.

चिकुनगुनियानंतरचे सांधे

इथे थकव्याचं निम्मं कारण दुखण्यानं मोडलेली झोप असतं. निर्गुडीचा पाला बाहेरून वापरायला सोपा आहे. दोन मुठी ताजी पानं चमचाभर तिळाच्या तेलावर तव्यात कोमेजेपर्यंत परता, जाड सुती फडक्यात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा आणि सांध्यावर दहा मिनिटं टेकवत-उचलत शेका. झोपण्याआधी केलं तर रात्र बरी जाते. सांधा लाल, गरम आणि ताठ सुजलेला असेल त्या दिवशी शेक नको. मधुमेहानं पायाची संवेदना कमी झाली असेल तर कुणीतरी दुसऱ्यानं ऊब तपासून शेक द्यावा, नाहीतर फोड येतात आणि कळतही नाही.

दुकानदार ‘तापानंतरच्या अशक्तपणाला’ सुवर्णमालिनी वसंत सुचवतात. त्यात सोनं, मोती, हिंगूळ आणि खर्पर (जस्ताचं खनिज) असतात, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग. वैद्यानं तपासून लिहून दिल्याशिवाय ते घेऊ नका. तीच गोष्ट लेबल नसलेल्या, पुडीत बांधून मिळणाऱ्या ‘शक्तीच्या’ गोळ्यांची. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. दोनच दिवसांत चमत्कार झाला तर संशय घ्या.

सहा आठवड्यांनंतर

क्रम पाळूनही वहीतले थकव्याचे गुण हलले नसतील तर नवी वनस्पती शोधू नका, रक्त तपासा : सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), टीएसएच (थायरॉइड), बी१२, ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. शाकाहारी माणसात बी१२ची कमतरता बऱ्याचदा सापडते आणि ती कुठल्याही काढ्यानं भरून निघत नाही. जाताना वही आणि घेतलेल्या वनस्पतींची नावं, मात्रा, तारखा लिहून न्या. ‘काही नाही, जरा घरगुती घेत होतो’ एवढ्यावर डॉक्टरांना यकृताच्या तपासणीत वाढलेल्या एसजीपीटीचं कारण कळणार नाही. कोविड होऊन तीन महिने उलटले, थकवा किमान दोन महिने टिकला आणि त्याला दुसरं कारण सापडत नसेल, तर ‘दीर्घ कोविड आहे का’ असं स्वतःहून विचारा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये दिलेल्या व्याख्येत हीच मुदत आहे.